रेषेच्या अलीकडून

माझ्या कॅमेऱ्यावर लेन्सच्या शेजारी काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे. नखाएवढा. कडा मळल्यात, एक कोपरा उचकटलाय. तो तुकडा मला नेमबाजीच्या रेंजवरच्या एका ऑफिसरनं स्वतःच्या हातानं लावून दिला, त्याला आता सात वर्षं होतील.

त्या चिकटपट्टीखाली एक बारीक दिवा आहे. उजेड कमी असला की फोकस धरायला तो आपोआप लागतो. मी त्याआधी पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढत होतो. हळदीपासून वरातीपर्यंत तो दिवा किती वेळा लागला असेल याची मोजदाद नाही. मांडवात एवढा लखलखाट असतो की कुणाच्या गालावर लालसर ठिपका पडला काय आणि नाही काय.

भाचीची पहिली स्पर्धा होती, 10 मीटर एअर रायफल. तिनं हट्टानं बोलावलं, "मामा, तू फोटो काढायला यायचंच." मी मोठी लेन्स घेऊन गेलो, तिच्या मागं थोडा तिरका उभा राहिलो आणि शटरवर बोट ठेवलं. ठिपका पडला तो तिच्या शेजारच्या लेनवरच्या मुलीवर. ती मुलगी उभी होती, रायफल खांद्याला, गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावर, टेकलेला, डावं कोपर कमरेच्या हाडावर. सहा-सात सेकंद झाली असतील तिला तशी. गालावर लाल उजेड आला. ती दचकली नाही. तिनं ट्रिगरवरचं बोट अलगद बाजूला घेतलं, रायफल स्टँडवर टेकवली, डोळे मिटले आणि नाकानं एक लांब श्वास सोडला. मग घड्याळाकडं बघितलं. मागं वळून कोण आहे हे तिनं बघितलंसुद्धा नाही.

रेंज ऑफिसर माझ्यापर्यंत चालत आले. मला वाटलं आता सगळ्यांदेखत बाहेर काढणार. ते अगदी कानाशी येऊन, हळू आवाजात म्हणाले, "तो दिवा बंद होतोय का बघा. नसेल होत तर ही पट्टी लावू या." खिशातून चिकटपट्टी काढली, दातानं तोडली आणि लावून टाकली. "आणि तो शटरचा खडखडाट पण जरा कमी करा." एवढंच बोलून पुढं गेले. पुढं मेनूमध्ये शोधून मी तो दिवा कायमचा बंद केला. पट्टी मात्र काढली नाही.

त्या मुलीचं मी नेमकं काय मोडलं हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. घरी येऊन भाचीनं सांगितलं. 10 मीटरच्या रायफलीत जो दहाचा ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छापील मजकुरातला पूर्णविराम घ्या, जवळपास तेवढाच. त्याच्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. नुसता ठिपका उडवून भागत नाही, छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यावर आला तर 10.9, किंचित सरकला की 10.4, आणखी सरकला की नऊ. असे 60 शॉट, सव्वा तासात. दर शॉटला उभं राहणं नव्यानं रचायचं. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात. मी त्यातलं एक रचून झालेलं उभं राहणं पाडलं होतं. वेळ गेला तो गेलाच, पण हात एकदा खाली आला की मन परत त्याच जागी आणायला किती लागतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्या दिवशी मी आठशेच्या वर फोटो काढले होते. रात्री लॅपटॉपवर भाचीला दाखवत बसलो. पन्नासेक फोटो पुढं सरकवल्यावर ती म्हणाली, "मामा, हा एकच फोटो आहे."

खरं होतं ते. रायफल खांद्याला लावलेली मुलगी. परत रायफल खांद्याला लावलेली मुलगी. लग्नाच्या फोटोग्राफीनं मला एक वळण लावलं होतं, की काहीतरी घडतंय त्याच्या मागं पळायचं. अक्षता पडल्या, पळ. हार घातला, पळ. क्रिकेटचे, कुस्तीचे फोटो काढणाऱ्यांचंही तेच असतं. नेमबाजीत मात्र जे घडतं ते सगळं न घडण्यात असतं. सबंध शरीर न हलवता ठेवायचं आणि त्यात एका बोटाचं एक पेर मागं घ्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार?

भाचीच्या कोच मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक दिवस कॅमेरा घरी ठेवून या. नुसतं बसा."

गेलो. सकाळी आठपासून बाराएकपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो. पहिला तासभर कंटाळा आला, मग हळूहळू दिसायला लागलं. प्रत्येकाचं एक गाणं असावं तसं प्रत्येकाचं ठरलेलं चक्र होतं. एक मुलगा छर्रा भरायच्या आधी दर वेळी उजवी टाच एकदा उचलून परत ठेवायचा. एक मुलगी रायफल वर घेताना आधी तिच्याकडं बघायची नाही, लांब टार्गेटकडं बघायची, आणि मग गाल खाली आणायची. रायफलवाल्यांचं ते जाड, ताठ जॅकेट, सपाट तळव्यांचे बूट, त्यामुळं चालताना ते अवघडून चालतात, पण एकदा जागेवर उभे राहिले की तेच बूट त्यांना जमिनीत रोवतात. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढं एक पांढरट पट्टी असते, तिला ब्लाइंडर म्हणतात. डोळा मिटला तर चेहऱ्याचे स्नायू आवळतात म्हणून तो उघडाच ठेवायचा आणि त्याच्यापुढं पट्टी धरायची. मला त्या पट्टीमागचा डोळा बघायचा नाद लागला. त्याला काही दिसत नसतं, तरी तो उघडा असतो, शांत. सगळ्या चेहऱ्यावरचं काम नेम धरणाऱ्या डोळ्याकडं गेलेलं असतं आणि हा नुसता सोबतीला जागा असतो.

आणि शॉट सुटल्यानंतरचा तो सेकंद-दीड सेकंद. याला ते फॉलो थ्रू म्हणतात. छर्रा केव्हाच टार्गेटवर पोहोचलेला असतो, तरी नेमबाज आहे तसाच उभा राहतो, जणू अजून काही झालंच नाही. नंतर गाल स्टॉकवरून सुटतो आणि नजर शेजारच्या मॉनिटरकडं जाते. आकडा दिसतो. त्या पाव सेकंदात चेहरा उघडतो आणि लगेच मिटतो. चांगले नेमबाज आकडा चेहऱ्यावर येऊ देत नाहीत, पण भुवईच्या वर, कपाळावर काहीतरी हलतंच. शॉटच्या आधीचा फोटो शरीराचा असतो, माणसाचा फोटो हवा असेल तर तो या पाव सेकंदात. हे मला कॅमेरा हातात नसताना सापडलं, असला असता तर मी शॉट सुटल्या सुटल्या पुढच्या लेनकडं वळलो असतो.

आता रेषेबद्दल. रेंजवर एक रेषा असते, फायरिंग लाइन. नेमबाज तिच्यावर, बाकी सगळं जग तिच्या मागं. समोर फक्त टार्गेट. या रेषेशी माझं पहिल्यांदा भांडण होतं. मला समोरून चेहरे हवे होते. मागून काय मिळतं? पाठ, खांदा, कानाची पाळी. फार तर शेवटच्या लेनच्या कडेला जाऊन, रेषेच्या किंचित मागं राहून, लांब लेन्सनं सगळ्यांचे एकामागं एक बाजूचे चेहरे. तो फोटो चांगला येतो, आठ-दहा नाकं, आठ-दहा नळ्या एका ओळीत, पण तोच सगळे काढतात.

मी एकदा रेंज ऑफिसरना विचारलं, "साहेब, मध्ये ब्रेक असतो तेव्हा पुढं जाऊन घेऊ का दोन फोटो?" त्यांनी मला रेंजचा रिवाज सांगितला. आधी 'स्टॉप', मग 'अनलोड'. मग प्रत्येक हत्याराची ॲक्शन, म्हणजे छर्रा किंवा गोळी भरायची यंत्रणा, उघडी, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग. एअर रायफलीला तर नळीतून आरपार जाईल अशी भडक रंगाची दोरी, म्हणजे लांबूनही दिसावं की आत काही नाही. मग ऑफिसर स्वतः प्रत्येक लेन बघणार. ते सांगतील तेव्हा, आणि तेव्हाच, कुणी पुढं जायचं. आणि पुढं माणूस असताना मागं कुणी हत्याराला हातसुद्धा लावायचा नाही, नीट ठेवायलासुद्धा नाही. "म्हणजे तुम्ही पुढं असताना कुणी नेम धरून उभं असणारच नाही," ते म्हणाले. "मग फोटो कशाचा काढणार?"

मी त्यावर बराच विचार केला. समोरून नेम धरलेला फोटो हवा असेल तर समोर माणूस असून चालत नाही. कॅमेरा असला तर कदाचित चालेल. एका स्पर्धेच्या आधी परवानगी मागितली. रेंज उघडायच्या तासभर आधी जाऊन, ऑफिसरनं बोट ठेवलं त्या जागी, शेवटच्या लेनच्याही पलीकडं भिंतीलगत, छर्रा कुठूनही लागून उलटणार नाही अशा बेतानं, कॅमेरा क्लॅम्पला अडकवला. आवाज बंद, दिवे बंद, टायमर लावलेला, दर पंधरा सेकंदांनी एक फोटो. मग मागं येऊन बसलो.

दहा मिनिटांत क्लॅम्प सैल पडला. मला मागून दिसत होतं, लेन्स हळूहळू वर चाललीय. दोन पावलांवर, म्हणजे दोन नाही, चार-पाच मीटर. कुणी मारत नव्हतं त्या कडेच्या लेनवर. सव्वा तास मी ते बघत बसलो. मॅच संपली, 'अनलोड' झालं, फ्लॅग लागले, ऑफिसरनी मान हलवली, तेव्हा मी पुढं गेलो. कार्डात छताच्या ट्यूबलाइटचे तीनशे फोटो होते. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. ती चार-पाच मीटर मी चाललो असतो तर मॅच थांबली असती, साठ पोरांचं सव्वा तासाचं रचलेलं पडलं असतं, आणि तेही बरं झालं असतं असं म्हणावं लागलं असतं, कारण दुसरी शक्यता त्याहून वाईट होती. 10 मीटरवरून आलेला एक छर्रा डोळा घालवायला पुरतो. पुढच्या वेळी मी क्लॅम्पला दुसरी दोरी बांधली.

एक गोष्ट मात्र मी कळकळीनं सांगणार आहे, कारण ती रेंजवर नाही, रेंजच्या बाहेर घडते. भाचीला जिल्ह्यात पदक मिळालं तेव्हा गावात सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, भाषणं. तिला रायफल घेऊन बोलावलं होतं. एक फोटोग्राफर स्टेजसमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बाळ, इकडं नेम धर, कॅमेऱ्यात बघ." ती जागची हलली नाही. तो म्हणाला, "अगं, रिकामी आहे ना?" तेव्हा चौदा वर्षांची होती. ती म्हणाली, "काका, रिकामी असली तरी माणसाकडं नळी करायची नसते." सभागृहात कुणीतरी हसलं. मग तिनं रायफल आडवी धरली, ॲक्शन उघडी, फ्लॅग दिसेल अशी, बोट ट्रिगरपासून लांब. तसा फोटो द्यायला ती तयार होती. तोच फोटो निघाला आणि तोच चांगला आला.

आपल्याकडं पेपरात, फ्लेक्सवर, कॅमेऱ्यावर नळी रोखलेले फोटो अजून दिसतात. माझी फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे, तसं सांगू नका. त्या पोरांना रेंजवर पहिल्या दिवशी जे शिकवतात ते आपण एका फोटोसाठी मोडायला लावतो. आणि 'रिकामी आहे' हे वाक्य बोलायला फार सोपं असतं. रेंजवर ते वाक्य कुणी नुसतं बोलत नाही, दाखवतं.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण नव्यानं जाणाऱ्याला त्या लागतात. फ्लॅश नाही, हे तर नियमातच आहे. स्पर्धा संपेपर्यंत फ्लॅशला मनाई असते. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर तो बंदच. पण त्यात एक खोच आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब आणि हलके एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत असतात. डोळ्याला दिसत नाही, आवाज नसलेल्या इलेक्ट्रॉनिक शटरला दिसतं, आणि फोटोवर काळपट पट्टे येतात. उपाय म्हणजे शटर सेकंदाच्या 1/100 वर किंवा 1/50 वर ठेवायचं. दुसऱ्या कुठल्या खेळात 1/50 वर फोटो काढला तर सगळं फिसकटेल. इथं खेळाडू हलतच नाही. साठ पोरांत बहुतेक अठरा वर्षांच्या आतली असतात, म्हणून पालकांना विचारल्याशिवाय मी जवळचे चेहरे कुठं टाकत नाही. 25 मीटर पिस्तुलाला किंवा शॉटगनला गेलात तर कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा, फोटोग्राफरनंही. व्ह्यूफाइंडरला चष्मा टेकतो म्हणून तो काढून ठेवायचा मोह होतो. काढू नका.

त्या 1/50 वरूनच मला ती गोष्ट सुचली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. हलत नाहीत, म्हणून 1/50 चालतं. मग पाव सेकंद चालेल का? एक सेकंद? दोन?

एका राज्यस्तरीय स्पर्धेत मी ट्रायपॉड सगळ्यात मागच्या कोपऱ्यात लावला, जिथून वीस-बावीस लेन तिरक्या दिसत होत्या. उजेड कमी आत यावा म्हणून आयएसओ 100, एफ/16, आणि शटर दोन सेकंद. शटर उघडलं, दोन सेकंद श्वास धरला, बंद झालं. पडद्यावर आलेला फोटो मी पहिल्यांदा मोठा करून बघितला तेव्हा अंगावर काटा आला. मागून फिरणारे ऑफिसर धुरासारखे पसरले होते. बाकावरचे पालक पुसट, कारण कुणी वाकलं, कुणी पाणी प्यायलं. लेनवरच्या पोरांपैकी जी छर्रा भरत होती, पाणी घेत होती, मॉनिटर बघत होती, ती सगळी अर्धी विरघळलेली. आणि त्यांच्यामध्ये सात जणं, मी मोजली, दगडात कोरल्यासारखी स्वच्छ. जॅकेटचे बक्कल मोजता येत होते. एकीच्या वेणीचं रबर दिसत होतं.

त्या दोन सेकंदांत नेमावर कोण होतं ते फोटोच सांगत होता.

मैदानावरच्या बाकीच्या खेळांत कॅमेरा वेगवान होऊन पळणाऱ्याला थांबवतो. इथं कॅमेरा आपला वेग सोडून देतो, दार उघडं टाकून बसतो, आणि थांबण्याचं काम खेळाडू स्वतः करतो. भाचीला जे सव्वा तास चाललेलं असतं आणि मला आठशे फोटोंत दिसलं नव्हतं, ते या एका फोटोत होतं. त्यासाठी रेषेच्या पुढं जावं लागलं नाही, उलट जितकं मागं जाता येईल तितकं जावं लागलं. एकच क्लिक, तोही आवाज न करता. कुणाच्या गालावर काही पडलं नाही.

तेव्हापासून मी रेंजवर दिवसाला तीस-चाळीसच फोटो काढतो.

सगळ्याच प्रकारांत हे चालत नाही, ते सांगायला हवं. 25 मीटर पिस्तुलाच्या वेगवान टप्प्यात हात 45 अंशांच्या खाली धरून थांबायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, एक शॉट, परत खाली, सात सेकंद थांब, परत हिरवा. हा ताल एकदा अंगात भिनला की दिव्याच्या आधी अर्धा सेकंद तुमचंही बोट तयार होतं. इथं शटर वेगवान लागतं, कारण पिस्तुलातून उडणारं रिकामं पितळी काडतूस हवेत पकडायला मजा येते. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला हाच प्रकार जिंकला, थायलंडच्या मुलीशी 34-34 अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सोनं मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या हिरव्या दिव्यांच्या तालात ती शूट-ऑफला उभी राहिली तेव्हा आतून काय चाललं असेल, हे मी रेंजवर बसून दिवे मोजायला लागल्यापासून जरा जास्त समजू शकतो.

शॉटगनचे फोटो एकदाच काढलेत, दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णीसिंह रेंजवर. तिथं उजेड मोकळा, आभाळ मोठं. सगळे जण उडणारी मातीची तबकडी फुटताना पकडायला बघतात. मला त्यापेक्षा नंतरचं आवडलं. दोन बार झाले की नेमबाज बंदूक मधे दुमडून उघडतो, रिकामी काडतुसं मागं उसळतात आणि त्यांच्यामागं धुराची एक बारीक दोरी निघते. बंदूक उघडी आहे, म्हणजे ती आता कुणाला काही करू शकत नाही, आणि त्याच क्षणी ती सगळ्यात देखणी दिसते.

गोळी हवेत पकडायचा नाद काही जणांना असतो. साध्या कॅमेऱ्यानं तो सुटतो लगेच. .22 ची स्पर्धेतली गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते. 1/8000 च्या शटरमध्येसुद्धा ती चार सेंटिमीटर पुढं जाते, म्हणजे फोटोत एक रेघ. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं 1880 च्या दशकात प्रागमध्ये गोळीभोवतीच्या हवेच्या लाटेचा फोटो काढला तो शटरच्या वेगावर नाही, अंधारात पडलेल्या क्षणभराच्या विजेच्या ठिणगीवर. ते प्रयोगशाळेतलं काम आहे. रेंजवर ठिणगी चालत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनं या खेळाच्या फोटोंचं एक वेगळंच रूप दाखवलं. तुर्कस्तानचा 51 वर्षांचा युसुफ डिकेच, साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात. सगळ्या जगाच्या मोबाइलवर तो फोटो फिरला. त्याच सुमाराला कोरियाच्या किम येजीचा, काळ्या टोपीतला. लोकांना वाटलं, किती बेफिकीर आहे हा माणूस. खरं म्हणजे पिस्तूल एका हातानंच धरायचं असतं, आणि दुसरा हात लोंबकळला तर शरीर डुलतं, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवायचा. कुठल्याही जिल्ह्याच्या स्पर्धेत पिस्तूलच्या लेनवर जा, ओळीनं सगळे हात खिशात दिसतील. डिकेचनं ज्या मिश्र दुहेरीत रौप्य मिळवलं त्यातच मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांचं कांस्य होतं. मला त्या फोटोचा हेवा वाटत नाही, आनंदच झाला. फक्त वाटलं, खिशातल्या हाताचं काम कळलं असतं तर लोकांना तो फोटो आणखी आवडला असता.

आणि 1 ऑगस्ट 2024. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी जिथं होती त्या शातोरूला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत. आम्ही सगळे टीव्हीपुढं. भाची जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि दर शॉटला तिचाच श्वास थांबत होता. गुडघ्यावर बसून, पडून, आणि शेवटी उभं राहून. पहिल्या टप्प्यानंतर तो मागं होता. उभ्याचा टप्पा सगळ्यात अवघड, तिथं तो वर आला. 451.4 आणि कांस्य. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलं होतं, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं वैयक्तिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या तालमीत घडलेले, लाल मातीतले, आणि स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातला, रेंजवरचा. त्याआधी 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतनं पडून मारायच्या 50 मीटर रायफलीत जगज्जेतेपद आणलं तेव्हाही असंच झालं होतं. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजचं नाव लोकांच्या तोंडात आलं होतं.

त्या संध्याकाळपासून पुढच्या काही दिवसांत माझ्या फोनवर स्वप्नीलचे दोनेकशे फोटो आले. पदक, तिरंगा, हसरा चेहरा, परत आल्यावरची मिरवणूक. मी आनंदानं सगळे बघितले आणि पुढं पाठवले. पण एका फोटोची मी वाट बघत होतो, तो आला नाही. उभ्याच्या टप्प्यातला, दोन सेकंदांचा, सगळं शातोरू मागं पुसट झालेलं आणि मधे कांबळवाडीचा पोरगा स्वच्छ. असा फोटो तिथं कुणी काढला असेल अशी मला मनापासून आशा आहे.

माझा तो सात जणांचा फोटो मी मोठा छापून घेतला आणि ज्या ऑफिसरनी चिकटपट्टी लावली होती त्यांना नेऊन दिला. ते त्या राज्य स्पर्धेतही ड्युटीवर होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्याजवळ धरला. एकेका पोराकडं बोट करून नावं सांगायला लागले, ही अमक्या शाळेची, हा सोलापूरचा. मग म्हणाले, "मी पण होतो ना तिथं? मी कुठं आहे?"

मी सातव्या आणि अकराव्या लेनच्या मधला करडा पट्टा दाखवला. एका टोकाला बुटासारखं काहीतरी होतं, बाकी नुसता धूर. "हे तुम्ही, साहेब. तुम्ही चालत होता."

त्यांनी बराच वेळ त्या धुराकडं बघितलं. मग उठून खिळा शोधला आणि फोटो दारापाशी, नियमांच्या पाटीशेजारी लावला. जरा वाकडा बसला होता. सरळ केला. "पुढच्या वेळी येताना," ते म्हणाले, "ती पट्टी नवीन लावून घ्या. सुटायला आलीय."